जेवणानंतरची चूळ

माझे दात पुढं होते. थोडेथोडके नाही, चांगलेच पुढं. वरचे चार खालच्या ओठावर येऊन बसायचे. शाळेत मला 'किसणी' म्हणत. हसताना तोंडावर हात धरायला मी कधी शिकले ते आठवत नाही. चालायला, बोलायला शिकले तसंच तेही शिकले असेन.

पण दात पक्के होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता कोणाला खरं वाटत नाही. पंचवीस वर्षांत एक दात किडला नव्हता की एक दाढ ठणकली नव्हती. माझे वडील रुपराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला, आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. हिवाळ्यात ऊस आला की बाबा शेजारपाजारच्या पोरांना जमवायचे आणि मला मधे बसवायचे. मी अख्खं कांडं दातानं सोलून दाखवायचे. "पाहा गा," बाबा म्हणायचे, "माह्या मिनलचे दात म्हंजे लोखंड. पुढं आहेत तं काय झालं, बत्तीसच्या बत्तीस खणखणीत आहेत."

सक्करदऱ्याहून पाहुणे मला पाहायला आले त्या दिवशी ते लोखंड पाच मिनिटांत वाकलं.

मुलगा हर्षित, एका खाजगी कंपनीत नोकरीला, पोहे संपेपर्यंत वर न बघणारा. त्याचे वडील आनंदराव, कारकुनी करून निवृत्त झालेले. बहीण कामिनी, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आणि आई वच्छलाबाई. बोलणं सगळं त्यांनीच केलं. बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पोरगी पसंत आहे आमाले. शिकलेली आहे, वळण आहे. फक्त तेवढे दात बसवून घ्या. तारा नका लावू बाप्पा, लग्नाच्या फोटोत दिसते. आजकाल ते पारदर्शक येते न, प्लास्टिकचं, ते लावा."

"हो हो, बसवून देऊ न. माहा शब्द आहे," बाबा म्हणाले. लोखंड म्हणणारे तेच बाबा.

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. माझ्या तोंडाचा सौदा दोन घरांनी माझ्यासमोर केला आणि मला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. पण खोटं कशाला बोलू, विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं. किसणी ऐकून ऐकून माझेही कान किटले होते.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात उत्तरा मॅडमकडं गेलो. त्यांनी माझं तोंड उघडून पाहिलं आणि शेजारच्या खोलीतल्या शिकाऊ मुलीला हाक मारली. "हे बघ. एकही कीड नाही, एकही डाग नाही. असं तोंड रोज बघायला मिळत नाही." माझ्या दातांचं कौतुक करणारी बाबांनंतरची ती दुसरी व्यक्ती. मी तोंड उघडं ठेवूनच लाजले.

मग त्यांनी समजावलं. दातांवर बसणारे पातळ, पारदर्शक ट्रे. दर दोन आठवड्यांनी नवा, असे छत्तीस. दिवसातले बावीस तास घालायचे.

"आता नीट ऐक," मॅडम म्हणाल्या. "जेवताना ट्रे काढायचा. चहा, सरबत, काहीही पिताना काढायचा, साधं पाणी सोडून. परत घालण्याआधी दर वेळी ब्रश करायचा, दातांच्या फटींतून दोरा फिरवायचा. ट्रे मऊ ब्रशनं साध्या पाण्यात धुवायचा, गरम पाण्यात नाही. यात आळस केलास तर काय होतं ते सांगते. तोंडातली लाळ दिवसभर दात धूत असते. ट्रे घातला की ती दातांपर्यंत पोचत नाही. आत साखर अडकली तर ती तिथंच बसते आणि दात खाते. दात सरळही होतील आणि किडतीलही, दोन्ही एकाच वेळी."

हे मी शब्दाला शब्द सांगू शकते. वर्षभर डोक्यात दुसरं काही वाजलंच नाही.

खापरखेड्याला सगळं सोपं होतं. बाबांनी अंगणातल्या नळाजवळ भिंतीला आरशाचा तुकडा लावून दिला. आमच्याकडं सगळ्यावर राख बसते. पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, आरशावरही. बाबा ड्यूटीवर निघण्याआधी तो आरसा रुमालानं पुसून जायचे. ट्रेला ते 'दाताचं बनियान' म्हणत. "बनियान घातलं का वं?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. जेवण झालं की मी नळाशी, आई भांड्यांशी, दोघी शेजारी शेजारी. सोळा ट्रे असेच झाले. दात खरंच मागं सरकत होते. नोव्हेंबरात लग्न लागलं तेव्हा फोटोवाल्यानं "मॅडम, हसा" म्हटलं आणि मी हात खाली ठेवून हसले. तो एक फोटो माझ्याकडं आहे.

आता सासर.

पहिल्याच दिवशी जेवायला बसण्याआधी मी भिंतीकडं तोंड केलं, पदराआड ट्रे काढला, निळ्या डबीत ठेवला आणि डबी ओट्याच्या कोपऱ्यात.

"हे काय ठेवलं वं?" सासूबाईंनी विचारलं.

"ट्रे आहे आई. दातांचा."

"तोंडातला? माह्या ओट्यावर?" त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "उष्टं आहे न ते! देवाचा नैवेद्य इथंच होते. तुह्या माहेरी चालत असन, इथं नाही."

डबीला जागा मिळाली संडास-बाथरूमच्या खिडकीत, फिनाईलच्या बाटलीशेजारी. मी ते मानलं. नवी नवरी होते, आणि उष्टं-खरकटं आमच्याही घरी पाळतात. पण सासरे आनंदराव दिवसभर खर्रा चघळायचे. सुपारी-तंबाखूची ती पुडी त्यांच्या खिशातून कधी हलली नाही, आणि मागच्या दारच्या बेसिनमध्ये दिवसातून वीस वेळा लाल पिचकारी पडायची. ते बेसिन मी रोज घासायचे. त्याला कोणी उष्टं म्हटलं नाही. घरधन्याचं थुंकणं वेगळं असतं, ते मला हळूहळू कळलं.

त्या घरात चहा पाच वेळा होई. सकाळी दोनदा, दुपारी झोप झाली की, सासरे फिरून आले की, आणि पाहुणा आला की. पाहुणे रोजच येत. दोन जेवणं, एक नाश्ता, पाच चहा. आठ वेळा बाथरूममध्ये जाऊन ट्रे काढ, पुन्हा आठ वेळा जाऊन ब्रश कर, दोरा फिरव, खळखळून चूळ भर, ट्रे घाल. महिनाभर मी हे इमानेइतबारे केलं. हात थंडीनं काकडायचे. पण आरशात दात पाहिले की बरं वाटायचं.

आणि मग सासूबाई बदलल्या. एक दिवस माझ्या ताटातली पपईची फोड उचलून त्यांनी कामिनीच्या ताटात टाकली. "तू नको खाऊ, उष्ण असते." संध्याकाळी दुधाचा पेला समोर आला. पाण्याची बादली उचलली तर ओरडल्या, "राहू दे वं, हर्षित उचलन." मला वाटलं, बाईच्या जिभेला काटे आहेत, पण काळीज मऊ आहे. मी आईला फोनवर तसंच सांगितलंही. आई रडली आनंदानं. मीही थोडी रडले. किती मूर्ख असावं माणसानं!

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी घरी हळदीकुंकू होतं. माझी पहिली संक्रांत, म्हणून काळी साडी आणि हलव्याचे दागिने. गल्लीतल्या वीसेक बाया बैठकीत दाटीवाटीनं बसल्या होत्या. तिळगूळ झाला, वाण झालं. मग सासूबाई आतून नारळ घेऊन आल्या, गहू घेऊन आल्या, आणि सगळ्यांसमोर माझी ओटी भरली. बाया एकमेकींकडं पाहून हसल्या.

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बेबीकाकू म्हणाल्या, "मले तं पंधरा दिवसांपासूनच माहीत होतं बाप्पा! जेवण झालं का पोरगी मोरीत. ओकारीचा आवाज इकडं येते न."

"चहा बी पोटात ठरत नाही तिच्या," सासूबाई म्हणाल्या. चेहरा असा फुलला होता की मी तो त्याआधी कधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. "पहिलं आहे न. होते तसं."

मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा नारळ पदरात होता. गप्प बसले असते तर काय झालं असतं, याचा मी पुढं हजारदा विचार केला. पण त्या वेळी तोंडातून निघून गेलं.

"आई, तसं काही नाही. मी चूळ भरते. दात घासते जेवण झाल्यावर. त्या ट्रेमुळं."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि पाठोपाठ वीस बाया हसल्या. बेबीकाकू तर डोळे पुसत म्हणाल्या, "माय वं! सून दात घासून राहिली अन् वच्छलाबाई पाळणा बांधून राहिल्या!"

सासूबाईही हसल्या. हसावंच लागलं. पण कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. भरलेली ओटी परत घेता येत नाही, म्हणून नारळ माझ्याकडंच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची चटणी केली आणि ती सगळ्यांनी न बोलता खाल्ली.

बोलणं त्याच्या आधी, बाया गेल्या गेल्या झालं होतं.

"चार लोकांत नाक कापलं तू माह्यं. सांगता नाही येत होतं का आधी?"

"आई, तुम्ही विचारलंच नाही."

"उलटून बोलू नको. आजपासून हे नाटक बंद. सकाळी एकदा दात घास, बस झालं. आमी काय मेलो का एकदा घासून? माह्या सासूनं जन्मभर राखुंडी लावली, मरेपर्यंत चणे खाल्ले. जेवण झालं का मोरीत गेलेली मले दिसली नाही पाहिजे. पुन्हा त्या बेबीनं काही ऐकलं तं मी तोंड कुठं लपवू?"

"बरं, मग ट्रे घालतच नाही."

"काहून नाही? बापानं शब्द देला आहे तुह्या. दात सरळ झाले पाहिजे. इथं आल्यावर चार ट्रे झाले, सोळा राहिले न अजून? ते घालायचे."

म्हणजे साखर दातांत कोंडायची, पण धुवायची नाही. मी हर्षितकडं पाहिलं. तो मोबाइलमध्ये बोटं फिरवत होता. नंतर खोलीत म्हणाला, "जाऊ दे न यार. थोडे दिवस आईच्या मनासारखं कर." सोळा ट्रे म्हणजे बत्तीस आठवडे. थोडे दिवस म्हणे. आईला फोन केला, तर कालपर्यंत आनंदानं रडणारी आई म्हणाली, "जुळवून घे वं बाई. दातापायी घर मोडते का कोणी?" पलीकडं बाबा विचारत होते, काय झालं, काय झालं. आई त्यांना म्हणाली, काही नाही.

मी लगेच हरले नाही, तेवढं श्रेय मला द्या. काही दिवस मी चोरून केलं. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना ब्रश पदराला खोचून न्यायचे. पाण्याचा घोट तोंडात घोळवून गिळून टाकायचे. चहाच्या वेळी ट्रे काढून मुठीत धरायचे. एकदा त्याच मुठीनं पोळीचा गोळा उचलताना सासूबाईंनी पाहिलं आणि सगळी कणीक गाईला घातली. पुन्हा कणीक भिजवताना त्या माझ्या डोक्याशी उभ्या होत्या, आणि पूर्ण वेळ माझ्या माहेराबद्दल बोलत होत्या.

ट्रे न काढता पहिला चहा प्यायले तो दिवस चांगला आठवतो. काटोलहून कोणी पाहुणे आले होते. सासूबाईंनी सगळ्यांसमोर कप पुढं केला. "घे न वं, थंडा होऊन राहिला." मी घेतला. आमच्याकडचा चहा, उकळून उकळून घट्ट, चमच्यापेक्षा जास्त साखर. तो ट्रेच्या आत शिरला आणि तिथंच राहिला. तासाभरानंतरही जिभेला गोड लागत होतं. कोणी काही बोललं नाही, कोणी ओरडलं नाही. दुपार छान शांततेत गेली. सासूबाईंनी तर माझ्या केसांना तेलही लावून दिलं.

त्यानंतर सोपं झालं. चांगली सून होणं फार सोपं असतं, आपलंच थोडं थोडं कुजू द्यायचं असतं.

एप्रिलमध्ये तपासणीला गेले तेव्हा सासूबाई सोबत आल्या होत्या. दात किती सरळ झाले ते त्यांना स्वतः पाहायचं होतं. उत्तरा मॅडमनी दिवा माझ्या तोंडावर आणला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"मिनल, हिरड्यांजवळ पांढरे डाग दिसताहेत. हे आधी नव्हते. तू चहा ट्रे घालूनच पितेस का?"

सासूबाई शेजारच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन. "आमच्या घरी सगळं व्यवस्थित करते ती," त्या म्हणाल्या. मॅडमशी बोलताना त्यांची भाषा शहरातल्या शहरात दोन पेठा ओलांडून यायची.

"मी तिला विचारतेय," मॅडम म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले. "काढूनच पिते."

मॅडमनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांना कळलं होतं. मला हेही कळलं की त्यांना कळलं आहे. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. त्या खुर्चीत माझं तोंड आ वासून उघडं होतं आणि तरी मी बोलले नाही. सासूबाईंचा राग करताना हे मी विसरत नाही.

"हे पांढरे डाग म्हणजे सुरुवात आहे," मॅडम म्हणाल्या. "आत्ता सांभाळलंस तर इथंच थांबतील. फ्लोराइडची पेस्ट देते. ब्रश मात्र जेवणानंतर प्रत्येक वेळी. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायला ये."

रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "पांढरे डाग म्हणे. दात पांढरेच असते न! यांना सारखं बोलवायचं निमित्त पाहिजे." पुढच्या महिन्यात मी गेले नाही. त्यानंतरचे सगळे ट्रे हर्षितच ऑफिसातून येताना घेऊन आला. दवाखान्यातून दोनदा फोन आला, तो सासूबाईंनी घेतला आणि सून गावाला गेली म्हणून सांगितलं.

जूनमध्ये थंड पाणी झोंबायला लागलं. जुलैमध्ये पांढरे डाग पिवळे झाले, मग तपकिरी. डावीकडच्या सुळ्यामागच्या दातात जिभेला खड्डा लागायचा. जीभ सारखी तिथंच जायची. ट्रे काढला की वास यायचा, म्हणून मी हर्षितशी बोलताना मान वळवून बोलायला लागले. त्याच्या ते लक्षात आलं नाही. फोटो मात्र छान येत होते. सासूबाई नातेवाइकांना लग्नाआधीचा आणि आत्ताचा असे दोन्ही फोटो दाखवायच्या. "पाहा, पहिले कशी होती अन् आता कशी आहे. आमीच मागं लागलो म्हणून झालं." मी ओठ मिटून हसायचे.

पोळ्याच्या आठवड्यात छत्तिसावा ट्रे संपला. त्या दिवशी बाबा मुद्दाम रजा घेऊन खापरखेड्याहून आले, पेढ्यांचा डबा घेऊन. मी, बाबा आणि सासूबाई, तिघं दवाखान्यात गेलो. ट्रे घट्ट बसावा म्हणून सुरुवातीला दातांवर चिकटवलेली बारीक बटणं उत्तरा मॅडमनी घासून काढली. काम करताना एरवी त्या गप्पा मारायच्या. त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. मग आरसा माझ्या हातात दिला.

दात सरळ होते. पट्टी लावून आखावेत तसे. आणि प्रत्येकाच्या मुळाशी तपकिरी कड होती. पुढच्या दोघांना खड्डे पडले होते.

"या दोघांच्या मुळांचं काम करून वर टोप्या बसवाव्या लागतील. बाकीचे भरून घेऊ," मॅडम म्हणाल्या. "सुळ्यामागचा मात्र वाचत नाही. मुळापर्यंत गेलाय, आत पू आहे. आजच काढलेला बरा." मग थांबून म्हणाल्या, "तू आलीस तेव्हा या तोंडात एकही कीड नव्हती, मिनल. मी कोणाला तरी बोलावून दाखवलं होतं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांना आत बोलावलं तेव्हा दात स्टीलच्या वाटीत पडलेला होता. लांब मुळाचा, एका बाजूनं काळा पोखरलेला. बाबांनी वाकून पाहिला. माझ्या गालात कापूस होता, मला बोलता येत नव्हतं.

"हा तं उसाचा दात होता न वं," ते म्हणाले.

बरोबर होतं. डावीकडूनच मी ऊस सोलायचे.

बाबांनी तो पाण्याखाली धुतला, रुमालात गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. पेढ्यांचा डबा त्यांच्या काखेत तसाच होता. सासूबाईंनी तो अलगद काढून घेतला, एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "दात सरळ तं झाले न, रुपरावजी. तुम्ही शब्द पाळला." बाबांनी मान हलवली. पेढा हातात धरून ते बस स्टँडपर्यंत चालत गेले असं आई नंतर म्हणाली. घरी पोचले तेव्हा तो मुठीत चिकट झाला होता.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती सांगितलीही नसती. दात काय, आज ना उद्या सगळ्यांचेच जातात.

पण दिवाळीनंतर कामिनीचं पाहायला सुरुवात झाली. तिचे खालचे दात एकमेकांवर चढलेले. कोणी काही म्हणायच्या आधीच सासूबाईंनी ठरवलं. "आपणच बसवून घेऊ. उद्या कोणाच्या तोंडून ऐकायची पाळी नको." त्याच उत्तरा मॅडम, तेच पारदर्शक ट्रे, तीच निळी डबी.

आठ दिवसांत घरात प्लंबर आला. जेवणाच्या टेबलाशेजारी नवं पांढरं बेसिन बसलं, वर आरसा, आरशावर दिवा. आतापर्यंत जेवून उठल्यावर हात धुवायला आम्ही मागच्या दारी जात होतो. सासऱ्यांना सक्त ताकीद मिळाली, या बेसिनमध्ये खर्रा थुंकायचा नाही, पोरगी तोंड धुते इथं. आणि डबी कुठं ठेवली? ओट्यावर. नैवेद्याच्या ओट्यावर, घडी घातलेल्या स्वच्छ नॅपकिनवर. मी पोळ्या लाटताना ती माझ्या समोरच असते.

एका दुपारी सासूबाई कागद आणि पेन घेऊन माझ्याजवळ बसल्या. आवाजात लोणी.

"मिनल, तुले तं सगळं ठाऊक आहे न वं. डॉक्टरनं सांगितलेलं लिहून दे, मोठ्या अक्षरात. बेसिनजवळ चिकटवू. ही धांदरट आहे, हिच्या ध्यानात राहत नाही."

मी लिहायला घेतलं. बावीस तास घालणे. जेवताना काढणे. दर वेळी ब्रश करूनच परत घालणे. दोरा फिरवणे. गरम पाण्यात न धुणे.

मग पेन थांबलं. चहाची ओळ राहिली होती. ती लिहिली नाही तर कोणाला कळणार होतं? दिवसातून पाच वेळा चहा होतो या घरात. डोक्यात तो विचार आला आणि चांगला हातपाय पसरून बसला. मी त्याला हाकललंही नाही.

कामिनी नव्या आरशासमोर ब्रश करत होती. तोंडभर फेस. ती वळली आणि माझ्यासमोर तोंड उघडून म्हणाली, "वहिनी, पाहा न, नीट निघाले का?"

मी पाहिलं. वाकडेतिकडे दात, पण एकही कीड नाही, एकही डाग नाही. तसं तोंड रोज बघायला मिळत नाही.

चहा पिताना काढणे, मी लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. मोठं मन वगैरे काही नाही, राग मला तिच्या दातांचा नव्हता.

कागद सासूबाईंना देताना मी विचारलं, "आई, लग्नानंतर सासरी कोणी काही बोललं तं? दर जेवणानंतर ही मोरीत काय करते म्हणून?"

त्यांनी कागदावरून नजरही उचलली नाही.

"बोलून तं दाखवावं कोणी! मी आहो न तिची माय. घरी जाऊन सुनावून येईन. दात काय पुन्हा येते का?"

मी कागद आरशाशेजारी चिकटवला. चारही कोपरे अंगठ्यानं दाबले. मला हसू आलं, आणि हात आपोआप तोंडावर गेला.